स्वल्पविराम बाईंची उलटतपासणी

स्वल्पविराम बाई चहासुद्धा पर्याय देऊन विचारायच्या. "साखर? एक चमचा, दोन चमचे, की बिनसाखरेचा? काही बोलली नाहीस तर दोन." आणि मी काहीच बोलायची नाही. परक्या घरी आपल्याला काय हवं ते सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. मग दोन चमचे पडायचे. सहा-सात महिने मी तो गोडमिट्ट चहा निमूट प्यायले. शेवटी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, मला एकच लागते." त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि टाळी वाजवली. "आली एकदाची वाचा! अगं, चांदणीचं उत्तर दुसऱ्याचं असतं. आपलं उत्तर आपल्याला टाईप करावं लागतं."

ही चांदणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाई मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन नेरूळला तळमजल्याच्या घरात राहायला आल्या होत्या. एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं. नव्वदनंतरची ती वर्षं. नेरूळला तेव्हा इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट आणि त्यांतलं कमरेएवढं गवतच जास्त. बाहेरच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटर मांडला होता, भरतकामाचं झाकण घातलेला, आणि दारावर पाटी होती: 'प्रबंध टंकलेखन. संदर्भसूची.' पीएच.डी. करणारे लोक हस्तलिखितांचे गठ्ठे घेऊन यायचे. प्रबंधाच्या शेवटी वाचलेल्या पुस्तकांची, लेखांची यादी असते, ती नीट लावून देणारं बाईंसारखं दुसरं कुणी नव्हतं. छापलेल्या शंभर पानांत एक स्वल्पविराम पूर्णविरामाच्या जागी पडला तरी त्यांना तो खड्यासारखा लागायचा. म्हणून पोरांनी नाव पाडलं, स्वल्पविराम बाई. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. "पूर्णविराम म्हणत नाहीत हे काय कमी आहे," म्हणायच्या.

प्रत्येक विद्यापीठाची यादीची तऱ्हा वेगळी. कुणाला आडनाव आधी हवं, कुणाला साल कंसात, कुणाला पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात. ती तऱ्हा कॉम्प्युटरला शिकवणारा एक प्रोग्राम बाईंकडे होता. कुठल्याशा परदेशी माणसानं तो तयार करून जगाला फुकट देऊन टाकला होता. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करून तो सुरू करायचा, की तो एकामागून एक प्रश्न विचारत सुटायचा, सगळे इंग्रजीत. लेखकाचं नाव पूर्ण की आद्याक्षरं? नावांच्या मध्ये स्वल्पविराम की अर्धविराम? असे शंभरेक. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरांचे पर्याय, आणि त्यांतल्या एकापुढे चांदणी. काही न लिहिता नुसतं एंटर मारलं, तर चांदणीचं उत्तर लागू. शेवटी त्या सगळ्या उत्तरांतून यादीची तऱ्हा बनून बाहेर पडायची. बाई या प्रकाराला उलटतपासणी म्हणायच्या. नवा माणूस आला, की त्याचा नियमांचा कागद शेजारी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चल वंदना, उलटतपासणीला बसू."

माझी स्वतःची उलटतपासणी पहिल्याच दिवशी झाली होती. मी मराठवाड्यातली. दादा कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रक भरायच्या कामावर होता. त्याच्याकडे राहायला आले तेव्हा मी बाविशीची होते. वहिनीच्या हाताखाली दिवस काढण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून पनवेलला टायपिंगच्या क्लासला गेले. बोटं चालायला लागली, पण शब्दांचे अर्थ लागत नव्हते. क्लासच्या सरांनी बाईंचा पत्ता दिला. बाईंनी विचारलं, "नाव?"

"वंदना के. एस."

"ही आद्याक्षरं झाली. पूर्ण सांग."

खोली बघायला गेलं, काम मागायला गेलं, की आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो, हे तोवर मी दोन-तीनदा पाहिलं होतं. म्हणून के. एस. वर थांबायची सवय लागली होती. बाई काही घाईत नव्हत्या. त्या वाट बघत राहिल्या, प्रोग्राम वाट बघतो तशा. शेवटी मी म्हटलं, "वंदना किसन सोनकांबळे."

"छान नाव आहे. खाऊन का टाकतेस?" चेहरा बदलला नाही. मग म्हणाल्या, "शिक्षण?"

"दहावी पास."

हे साफ खोटं होतं. मी सातवी पास. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, मधे नदी होती आणि घरात आई अंथरुणाला होती. पण दहावीखालच्या मुलीला कॉम्प्युटरला कोण हात लावू देईल? बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं. त्या दिवसापासून मनात रोज तीच धास्ती. आज कळेल, उद्या कळेल; कळलं की वहिनीचा स्वयंपाक आणि मग गावची गाडी. दादा थट्टेत म्हणायचा, "आमची वंदी पीएच.डी. टाईप करती, अन् स्वतः सातवी!" मी त्याच्या तोंडावर हात ठेवायची, जणू कळंबोलीचं बोलणं नेरूळला ऐकू जाईल.

म्हणून मी एंटर मारायची. प्रश्न समजला नाही की एंटर. चांदणी जे देईल ते पदरात. पुष्कळदा निभायचं, कारण बाई शेजारी बसून उत्तरं सांगायच्या आणि कागद दोनदा तपासायच्या. कागद त्या नाकाशी धरायच्या आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेत एकेक अक्षर वाचायच्या. मला वाटायचं, केवढी ही बारकाई!

त्यांच्या आणखी एका बोलण्याचं मला तेव्हा हसू यायचं. तो प्रोग्राम दिलेल्या उत्तरांची एक फाईल ठेवायचा. तिच्यात निवडलेलं उत्तर तर असायचंच, पण न निवडलेली सगळी उत्तरंही असायची. फक्त त्यांच्यापुढे टक्क्याची खूण. त्या खुणेमागं जे असेल ते मशीन वाचत नाही. बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "बघ, नाकारलेलं पुसलेलं नाही. नुसतं गप्प बसवलंय. उद्या लागलं, तर खूण काढायची." आणि एकदा, मटार सोलता सोलता, कशाचा काही संबंध नसताना म्हणाल्या, "माणसाचंही असंच असतं. माझं गाणं आहे टक्क्याच्या खुणेमागं. तुझं काय आहे गं?" मी म्हटलं, "काही नाही, बाई." चांदणीचं उत्तर.

मग म्हात्रे सर आले. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातले. कॉलेजात शिकवायचे आणि नोकरी सांभाळून आठ-नऊ वर्षं खाडीतल्या माशांवर प्रबंध लिहीत होते. इंग्रजी फर्डं लिहायचे, बोलायचे मात्र घरचंच. "बाई, आजून दोन पानं हायेत, रागावू नका," म्हणत पिशवीतून वीस पानं काढायचे. त्यांच्या यादीत एक जुना पाहणी अहवाल होता, सहा जणांनी मिळून केलेला. सहावं नाव त्यांच्या थोरल्या बहिणीचं, हिराबाईंचं. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण मांडीभर चिखलात उतरून कुठला मासा कुठल्या भरतीला येतो ते त्यांनीच दाखवलं होतं, म्हणून बाकीच्या पाच शिकलेल्यांनी त्यांचं नाव बरोबरीनं घातलं होतं. अहवाल निघाला त्याच वर्षी हिराबाई वारल्या होत्या. ते पान देताना म्हात्रे सर म्हणाले होते, "एवडंच एक ठिकान हाय जिथं माज्या बायचं नाव छापून आलंय." त्यांच्याकडे बाय म्हणजे थोरली बहीण.

त्यांची उलटतपासणी होती त्या दिवशी बाई "जरा वाशीला जाऊन येते" म्हणून बाहेर पडल्या. जाताना म्हणाल्या, "तू सुरू कर. नियमांचा कागद आहेच. आणि दर वेळी चांदणी नको हं." साखरेचा तो प्रसंग नुकताच होऊन गेला होता. माझ्या अंगात बळ आलं होतं. एक प्रश्न आला: सगळ्या लेखकांची नावं द्यायची, की 'एट ऑल' वापरायचं? चांदणी पहिल्यावर होती. मी 'एट ऑल' वाचलं. एट म्हणजे आठ, ऑल म्हणजे सगळे. आठपर्यंत असतील तितके सगळे. अहवालात तर सहाच नावं! मला माझंच कौतुक वाटलं. चांदणी सोडून, आयुष्यात पहिल्यांदा, मी माझं उत्तर टाईप केलं. पुढं त्यानं काही आकडे विचारले, तिथं मात्र एंटर मारलं.

यादी छापली. बाईंनी आल्यावर नाकाशी धरून तपासली, दोन स्वल्पविराम पकडले, ते मी नीट केले. तिसऱ्या दिवशी म्हात्रे सर आले. प्रबंध परवा द्यायचा होता. त्यांनी सगळ्यात आधी शेवटची पानं उघडली, बोट फिरवत एका ओळीवर थांबले.

"बाई," ते म्हणाले, "यात माजी बाय कुठं हाय?"

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हात्रे सर मला ओळ दाखवत होते. "सा जनांची नावं दिलती मी. हितं तीनच हायेत, नि म्होरं एट ऑल."

मी घाईघाईनं म्हटलं, "आहेत की सर. एट ऑल आहे ना. म्हणजे आठपर्यंत सगळे."

रागावले असते तर बरं झालं असतं. "आठ नाय गो पोरी," ते हळू म्हणाले. "त्याचा अर्थ, आनि इतर."

मला वाटलं, संपलं. जी मुलगी दहावी पास आहे ती असं बोलेल का? तेवढ्यात बाई म्हणाल्या, "उत्तर माझं होतं, म्हात्रे. तिनं नुसतं टाईप केलं. तुम्ही चहा घ्या. हिराबाईंना आणल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही." आणि त्यांनी मला उठवलं नाही. माझ्याच हातून ती उत्तरांची फाईल उघडवली, 'सगळी नावं' या ओळीपुढची टक्क्याची खूण माझ्याकडूनच काढवली, ती 'एट ऑल'पुढे लावून घेतली. प्रिंटर करकरत पान बाहेर आलं. सहावं नाव जागेवर होतं. म्हात्रे सरांनी त्यावर अंगठा फिरवला, शाई ओली असेल हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. नाव किंचित पुसटलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ही प्रत माज्याकडं ठेवतो. दुसरी काढा."

ते गेल्यावर मी रडत म्हटलं, "बाई, मी दहावी नाही. सातवी आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू प्रश्न वाचत नाहीस, प्रश्न संपायची वाट बघतेस. ग्रंथालयात तीस वर्षं काढलीत मी, वाचणारा माणूस मला पाठमोरा ओळखता येतो." मग त्या खुर्चीवर बसल्या. आधी हातानं चाचपून, मग बसल्या. ते चाचपणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आता माझं ऐक. मी वाशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. काचबिंदू. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, मधलं तेवढं. कडेचं गेलं. मी ती ओळ तपासली होती, वंदना. एकेक अक्षर. स्वल्पविराम दिसला गं मला. माणूस दिसलं नाही."

त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "पण एक सांगते. चुकलीस, तरी उत्तर तुझं होतं. पुन्हा चांदणीकडे पळालीस तर बघ."

तिथून आमचं ठरलं. मी त्यांचे डोळे व्हायचं आणि त्यांनी माझी शाळा. रोज त्या प्रोग्राममधला एक प्रश्न घ्यायचा, त्यातला एकेक शब्द सोडवायचा, त्याच शब्दांची पाच वाक्यं करायची. माझं इंग्रजी असं उलटतपासणीतून आलं. आजही मला इंग्रजीत विधानापेक्षा प्रश्न बरा जमतो. पुढच्या वर्षी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म आणला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा असतो तो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. गावी पत्र टाकायची मला लाज वाटत होती. बाई म्हणाल्या, "पर्याय ऐक. एक, तू लिहितेस. दोन, मी लिहिते. काही बोलली नाहीस तर मी." मीच लिहिलं. दाखला आला, घड्या पडलेला. बाईंनी तो नाकाशी धरून अखंड वाचला आणि म्हणाल्या, "वर्तणूक चांगली, असं लिहिलंय. हे त्यांनी कुठून काढलं?"

फॉर्म भरला, आणि दिवाळीनंतर बाई पडल्या. कडेनं येणारी सायकल त्यांना दिसली नाही. मांडीचं हाड मोडलं. भाचा नागपूरहून आला; चांगला माणूस होता, पण बाईंना नागपूरला नेण्यावाचून त्याच्याजवळ दुसरा उपायही नव्हता. सामान बांधताना बाईंनी मला फ्लॉपींचा डबा दिला. "सगळ्यांच्या उत्तरांच्या फाईली आहेत. लोक तऱ्हा बदलतात आणि परत जुनीच मागायला येतात. जपून ठेव." मी विचारलं, "परत कधी याल, बाई?" आयुष्यभर पर्याय देणाऱ्या बाईंनी त्या दिवशी एकही पर्याय दिला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या, तो आधी हवेत गेला, मग खांद्यावर आला.

माघात भाच्याचं कार्ड आलं. झोपेतच गेल्या, असं लिहिलं होतं. मार्चमध्ये मी परीक्षेला बसले आणि बीजगणितात नापास झाले. दादा म्हणाला, "जाऊ दे वंदे, कलेक्टर व्हायचं होतं का?" तो वाईट बोलला नाही, त्याला माझी दमणूक बघवत नव्हती. ऑक्टोबरला पुन्हा बसायचा फॉर्म भरायची मुदत जवळ येत होती, आणि मी काहीच करत नव्हते. काही केलं नाही की काय होतं ते मला पाठ होतं.

मी तेव्हा वाशीला एका टायपिंगच्या दुकानात लागले होते. एक दिवस बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, जुन्या तऱ्हेची यादी मागायला एक जण आला. मी डब्यातली फ्लॉपी घातली. त्याची फाईल म्हणजे बाई नागपूरला जायच्या आधीच्या आठवड्यातली, अगदी शेवटची. सगळी उत्तरं मी एकटीनं दिलेली, बाई पलंगावरून नुसत्या ऐकत होत्या. फाईल उघडली तर सगळ्यात वर, टक्क्याच्या खुणेमागं, मी न लिहिलेली एक ओळ होती. मशीन जी वाचत नाही, माणसानंच वाचायची अशी. मी घरी गेल्यावर बाई कुणाचा तरी आधार घेऊन त्या कॉम्प्युटरपर्यंत गेल्या असतील. रोमन अक्षरांत, एक अक्षर दोनदा पडलेलं: 'सर्व उत्तरे वंदना किसन, सोनकांबळे हिची.'

पूर्ण नाव. आद्याक्षरं नाहीत. 'आणि इतर' नाही.

मुदतीच्या आत मी फॉर्म भरला. ऑक्टोबरला बीजगणित सुटलं, काठावर सुटलं. गुणपत्रिका कुणाला नाकाशी धरायला द्यावी, हे कळेना, म्हणून मीच धरली.

ती फाईल अजून माझ्याकडे आहे. कॉम्प्युटर बदलले, फ्लॉप्या गेल्या, तरी दर वेळी मी ती पुढच्या मशीनवर उतरवून घेते. जन्मभर लोकांचे स्वल्पविराम शोधणाऱ्या बाईंचा त्या ओळीतला एकुलता एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला आहे. तो मला दिसतो. एका कळीचं काम आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही.